पावसाचे माहेर

"पाऊस बघायला एवढ्या लांब जायचं? मग आपल्या स्वयंपाकघराच्या छतातून गळतं ते काय?"

आगुंब्याला जाण्याचा बेत मी घरात जाहीर केला, तेव्हा सौभाग्यवतींनी हा पहिला प्रश्न विचारला, आणि त्याला माझ्यापाशी धड उत्तर नव्हते. लोक आगुंब्याला जातात ते सूर्यास्त पाहायला, आणि तेही दिवाळीनंतर, आकाश निवळल्यावर. आम्ही निघालो ते ऐन आषाढात. 'मालगुडी डेज' ही मालिका पाहून आमच्या कन्येने स्वामीचे गाव पाहण्याचा हट्ट धरला होता, आणि माझ्या एका कानडी सहकाऱ्याचे मामा तिथे राहतात, एवढेच काय ते आधार.

हुबळी, शिमोगा, तीर्थहळ्ळी असे टप्पे करीत आम्ही पोचलो. शेवटच्या तासाभरात दोन्ही बाजूंची झाडी इतकी दाटली की भर दुपारी गाडीवाल्याने दिवे लावले. शिमोगा जिल्ह्यातले हे लहानसे खेडे सह्याद्रीच्या अगदी कड्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर वसले आहे. गावाच्या पश्चिमेला जमीन एकदम तुटते आणि चौदा वळणांचा घाट खाली उडुपीकडे उतरतो. समुद्रावरून आलेले ढग या भिंतीवर आदळतात आणि आपले सारे ओझे इथेच टाकून मोकळे होतात. वर्षाकाठी सरासरी ७६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस! आपल्या पुण्याच्या दसपट म्हणा ना! तेवढे पाणी साठून राहिले, तर दुमजली घर कौलांपर्यंत बुडेल. त्या पाण्याचीही मौज आहे. कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब सीता नदीतून अरबी समुद्राला जातो, पूर्वेला पडलेला तुंगेत उतरतो, तुंगभद्रा होतो आणि आपल्या महाबळेश्वरच्या कृष्णेला भेटून बंगालच्या उपसागरापर्यंतची यात्रा करतो.

मामा सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी बेळगावात शिकलेले, त्यामुळे मराठी उत्तम, फक्त तिला कानडी हेल. ओसरीवर पाय ठेवताच मामींनी धने-जिऱ्याचा गरम 'कषाय' हातात दिला. संध्याकाळी 'पत्रोडे' आले, म्हणजे आपल्या अळूवडीची मलनाडातली बहीणच. घरातल्या प्रत्येक वस्तूला दमट वास होता. चुलीवरच्या दोरीवर कपडे वाळत होते, आणि काडेपेटी डब्यात, तो डबा दुसऱ्या डब्यात, असा बंदोबस्त होता. शेतावर जाणारी माणसे पूर्वी पानांचे 'गोरबू' पाठीवर घेत. कोकणातले इरले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी कन्येचा हट्ट पुरवला. शंकर नाग यांनी १९८६ च्या सुमारास ज्या जुन्या लाकडी घरात ती मालिका चित्रित केली, ते घर अजून उभे आहे. हा कानडी नट-दिग्दर्शक आधी मुंबईत मराठी रंगभूमीवर वावरलेला, हे सांगताना मला उगाचच आप्तपणा वाटला. १९९० साली, अगदी तरुण वयात, अपघातात त्यांचा अंत झाला. कन्येने अंगणातल्या खांबाला हात लावून पाहिला आणि समाधानाने मान हलवली. आमची सहल तिच्यापुरती सुफळ झाली!

माझी मात्र तिसऱ्या दिवशी सुरू झाली.

मामांच्या सुपारीच्या बागेत आम्ही हिंडत होतो. पावसाळ्यात सुपारीला 'कोळे रोग' लागतो. फळे कुजतात आणि सडा पडतो. त्यावर उपाय म्हणजे मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण उंच झाडांवर चढून फवारायचे. ते पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा आणि मग ऐन पावसात उघडीप साधून पुन्हा. बाग निळसर दिसत होती, पण जंगलाकडचा एक कोपरा तसाच कोरा. झाडांखाली हिरवी फळे गळून पडलेली. मी तिकडे वळलो तोच मामांनी माझा दंड धरला.

"तिकडे नको, मास्तर. तिथे कालिंग बसलीय."

कालिंग म्हणजे नागराज, जगातला सर्वांत लांब विषारी साप. बागेच्या हद्दीपलीकडे, बांबूच्या बेटाखाली, वाळक्या पानांचा गुडघाभर उंचीचा ढीग लांबून दिसला. सापांच्या साऱ्या जातीत असे घरटे बांधणारा हा एकच. ना हात, ना चोच. मादी अंगाच्या वेटोळ्यात पाने ओढून आणते, रचते, दाबते आणि आत वीस-चाळीस अंडी घालते. अडीच-तीन महिने, म्हणजे नेमक्या त्या सात मीटर पावसात, ती अंडी आत कोरडी राहतात! आमचे स्वयंपाकघर मला आठवले, आणि सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले ते मी पाहिले नाहीसे केले.

या सापाचा अभ्यास करण्यासाठी रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ साली इथे वर्षावन संशोधन केंद्र काढले. २००८ पासून काही नागराजांच्या अंगात छोटे रेडिओयंत्र बसवून त्यांच्या वाटा शोधण्यात आल्या. साप घरात शिरतो तो माणसासाठी नव्हे. उंदरांमागे धामण येते आणि धामणीमागे नागराज, कारण त्याचे मुख्य अन्नच इतर साप. त्याला पकडून दूर नेऊन सोडले तर तो परक्या मुलखात भटकत राहतो, हेही दिसून आले. म्हणून केंद्रातली मुले लोकांना सांगतात, थांबा, त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या. २०२४ साली शास्त्रज्ञांनी नागराजाच्या एका जातीच्या चार जाती ठरवल्या, तेव्हा आपल्या सह्याद्रीतल्या जातीला नाव दिले ते इथल्या माणसांच्या तोंडचे, 'कालिंग'.

हे सारे ठीक. पण चावल्यास आपल्या देशात मिळणारी प्रतिविषे या सापासाठी बनवलेली नाहीत. झाडांवर चढणाऱ्या 'कोनेगौडा'ने त्या कोपऱ्यात पाय ठेवायला साफ नकार दिला. दुसरी फवारणी राहिली. त्या झाडांचे पीक मामांच्या डोळ्यांदेखत गळत होते.

"मग तुम्ही कुणाला बोलावून तिला हलवलं का नाही?" मी विचारले.

"पोटुशी बाई दारात येऊन बसली, तर तिला उठवतात का हो?" मामा म्हणाले. मग थोडा वेळ गप्प राहून, "माझा मुलगा बेंगळुरात आहे. तो म्हणतो, अप्पा, हिशोब बघा. त्याचंही खोटं नाही. बाग त्याच्या हाती गेली, की तो हिशोब बघेल."

त्यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. मी मराठी शिकवतो. सुपारीचा भाव आणि नागिणीचे बाळंतपण एका वहीत कसे मांडायचे, हे मला कुणी शिकवलेले नाही. आपण शहरवासी जंगल वाचावे म्हणतो, पण त्याचे मोल कड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्याच्या वहीतून वजा होत असते, हे मात्र त्या दिवशी कळले.

आठ दिवसांत सूर्य एकदाही दिसला नाही. निघताना मामींनी पिशवीभर सुपारी दिली, आणि मामा कन्येला म्हणाले, "पुट्टी, दिवाळीनंतर ये. सूर्य दाखवीन."

भाद्रपदात त्यांचा फोन आला. पिल्ले फुटण्याच्या आधी मादी आपल्या वाटेने निघून गेली होती. केंद्रातल्या मुलांनी घरट्याभोवती जाळी लावली आणि अंड्यांतून बाहेर आलेली पिल्ले जंगलात नेऊन सोडली. मामांचा आवाज नातवंडांची बातमी सांगावी तसा लागला होता.

"आणि सुपारी किती गेली?" मी विचारले.

"गेली थोडी," मामा म्हणाले, आणि आमच्याकडे पाऊस कसा आहे, ते विचारू लागले.