वाघाच्या गळ्यातलं जीपीएस आणि अभयारण्याची हद्द

मी घाटंजीचा. टिपेश्वर अभयारण्य आमच्या घाटंजी आणि शेजारच्या केळापूर तालुक्यात पसरलंय, क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस किलोमीटर. २०१९ मध्ये इथला एक तरुण वाघ घर सोडून निघाला. त्याच्या गळ्यात कॉलर होती, म्हणून आपल्या वन्यजीव कायद्यात नेमकं काय सुटलंय, ते नकाशावर दिसलं. आधी कॉलर समजून घेऊ, मग कायदा.

कॉलर कशी चालते?

जीपीएस आपली जागा उपग्रहाला कळवतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. जीपीएस फक्त ऐकतं. सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून किमान चार उपग्रहांपासूनचं अंतर काढायचं आणि आपली जागा ठरवायची, एवढंच त्याचं काम. ही जागा संशोधकांपर्यंत पोचवायला वेगळा ट्रान्समीटर लागतो. शिवाय व्हीएचएफ रेडिओ असतो. अँटेना घेऊन जंगलात फिरणारी टीम त्याच्या 'बीप'वरून वाघाची दिशा शोधते.

खरी अडचण बॅटरीची. फोन रोज चार्जिंगला लावता येतो, वाघ नाही. त्यामुळे नोंद दर तासाला घ्यायची की दिवसातून दोनदा, हे आधीच ठरवावं लागतं.

टी१-सी१ कुठे कुठे गेला?

या वाघाचा क्रमांक टी१-सी१. 'वॉकर' हे नाव नंतर पडलं. भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याला फेब्रुवारी २०१९ मध्ये कॉलर लावली. पावसाळा सुरू होताना तो टिपेश्वरमधून निघाला. तेलंगणातलं आदिलाबाद, पैनगंगा अभयारण्य, मग हिंगोली, वाशीम असं करत बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सुमारे नऊ महिने, ५,००० हून जास्त नोंदी आणि जवळपास ३,००० किलोमीटर.

हा आकडा तासातासाचे बिंदू सरळ रेषेनं जोडून येतो. मधली वळणं त्यात धरलेली नसतात. म्हणजे वाघ प्रत्यक्षात याहून जास्तच चालला असणार.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांची हद्द अधिसूचनेनं ठरते. आमच्या भाषेत सांगायचं तर हा एक पॉलिगॉन. एखादा बिंदू आत आहे की बाहेर, हे कोडच्या चार ओळींत तपासता येतं. वॉकरचे कितीतरी बिंदू बाहेर पडतात: शेतं, नाले, महामार्ग.

वाघ अनुसूची १ मध्ये आहे. त्यामुळे तो कपाशीत बसला असला तरी त्याची शिकार गुन्हाच. पण ती कपाशी मात्र संरक्षित क्षेत्र नाही. वाघाला संरक्षण सगळीकडे आहे, त्याच्या वाटेला नाही.

वाटेसाठी तरतुदी अजिबात नाहीत, असंही नाही:

- २००२ च्या दुरुस्तीनं 'संवर्धन राखीव' हा प्रकार आणला. दोन संरक्षित क्षेत्रं जोडणारी जमीन त्यात घेता येते, पण ती सरकारी मालकीची असावी लागते.
- 'सामुदायिक राखीव' खाजगी किंवा गावाच्या जमिनीवर होऊ शकतं, पण मालक स्वतःहून पुढे आले तरच.
- २००६ च्या दुरुस्तीनं राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं. व्याघ्र प्रकल्प आणि त्यांना जोडणारे पट्टे मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला देता येत नाहीत.

मग अडतं कुठे?

ज्ञानगंगेत तेव्हा दुसरा वाघ नव्हता. ३,००० किलोमीटर चालून हा पठ्ठ्या एकटाच राहिला. जंगलं जोडलेली नसली की असंच होतं.

दुसरी बाजू शेतकऱ्याची. दिवसा लाईन नसली की रात्री ओलीत करायला जावंच लागतं. 'वाघाचं लोकेशन ॲपवर लाईव्ह टाका ना!' असं मला गावात बरेच जण म्हणतात. पण तेच लोकेशन शिकाऱ्यालाही दिसेल. नेमका बिंदू लपवून फक्त 'आज रात्री या शिवारात जपून' एवढा मेसेज त्या गावापुरता पाठवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अर्थात, हे कॉलर असलेल्या वाघापुरतंच, आणि बहुतेक वाघांना कॉलर नसते.

म्हणून या ५,००० बिंदूंचा मोठा उपयोग वाट ओळखायला आहे. रस्त्याखाली भुयारी मार्ग कुठे हवा, कुठल्या गावांना दिवसा वीज आधी द्यायची, सामुदायिक राखीवबद्दल कुणाशी बोलायचं, हे त्यातून ठरवता येईल. वॉकरनं डेटा दिलाय. पुढचं काम आपल्याकडे आहे.