हातांनाही बोलू द्या

मैत्रिणींनो, यवतमाळच्या बाजारात हातांच्या खुणांनी बोलणारं जोडपं दिसलं की आपण टक लावून बघतो, नाही का? अहो, ती त्यांची भाषाच आहे!

मुंबईत १८८५ च्या सुमारास बिशप म्यूरिन यांनी मूकबधिरांसाठी शाळा काढली; देशातली ही पहिली. पण १८८० सालीच मिलानच्या शिक्षक-परिषदेनं ठरवलं होतं, की बहिऱ्या मुलांना खुणा नकोत, तोंडानंच बोलायला शिकवा. ही चूक होती, हे २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेनं मान्य केलं.

म्हणून सांगते, भांडं पडल्यावरही तान्हं बाळ दचकत नसेल, तर ‘बोलेल उशिरा’ म्हणत बसू नका. सरकारी रुग्णालयात कान तपासून घ्या. बाळ बहिरं निघालं, तर श्रवणयंत्राबरोबर खुणाही शिका. त्याच्याशी आईनंच बोलायचं नाही, तर कुणी?