चार बैल नवे

या पावसाळ्यात माझ्या फौजेत चार बैल दाखल झाले. उंची खांद्यापर्यंत जेमतेम एक पेर. विलायतेहून पाकिटातून आले तेव्हा त्यांना वशिंडच नव्हतं. ओतणाऱ्याने ते युरोपातल्या गाड्यांसाठी ओतलेले, त्यामुळे पाठ पाटासारखी सपाट. मग एम-सील मळलं, ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी प्रत्येकाच्या खांद्यावर बसवली आणि सुईच्या टोकाने दाबून जराशी एका अंगाला कलवली. वशिंड ताठ उभं राहिलं की बैल उंटाच्या कुळातला दिसू लागतो. आखूड शिंगं कापून तिथे तांब्याची तार लावली, मागे झुकलेली, टोकाला घासून अणकुचीदार केलेली. त्यातलं एक शिंग रंगाच्या दुसऱ्या हाताला मोडलं. तो बैल तसाच ठेवलाय. घरच्यांच्या मते चारांत तोच खरा वाटतो.

या छंदाला मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात. बोटभर शिपाई विकत घ्यायचे, रंगवायचे, टेबलावर डोंगर-नद्या मांडून त्यांची लढाई खेळायची. पट्टीने मोजून चाल करायची आणि गोळीबार झाला की फासे टाकायचे. एका तुकडीला सहा फासे, चार किंवा जास्त पडलं तर निशाणा लागला, साधारण असा हिशेब. बुद्धिबळात घोडा प्याद्याला हमखास मारतो. इथे घोडदळ पायदळावर चालून जातं आणि सगळ्या फाशांवर एक-एक पडला की मान खाली घालून परत येतं.

हे फासे प्रशियाने आणले. १८१२ मध्ये राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने राजासमोर लढाईचं एक टेबल मांडलं. तोफखान्यात असलेल्या त्याच्या मुलाने १८२४ मध्ये तोच खेळ १:८००० च्या नकाशावर आणला, सोबत फासे आणि निवाडा करायला पंच दिला. सेनापती म्यूफ्लिंगने तो पाहिला आणि हा खेळ नसून युद्धाचं शिक्षण आहे असं ठरवून टाकलं. त्या शिक्षणाचा पुन्हा खेळ केला तो इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने. ब्रिटन्स या कंपनीने १८९३ पासून आतून पोकळ शिपाई ओतायला सुरुवात केली होती. साच्यात वितळलेला धातू ओतायचा आणि लगेच उलटा करायचा, आत नुसती साल उरते. त्यामुळे शिपाई हलके झाले, स्वस्त झाले. वेल्सने ते दिवाणखान्याच्या फरशीवर मांडले, स्प्रिंगच्या तोफेने त्यांच्यावर लाकडी खुंट्या झाडल्या आणि १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं नियमांचं पुस्तक काढलं. खरं युद्ध किती मूर्खपणाचं असतं ते या खेळाने कळेल असं त्याने त्यात लिहिलं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

आज या धंद्याची पंढरी म्हणजे इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम. शिपाई ओतणारे, कोरणारे, नियम लिहिणारे तिथे इतके जमलेत की त्या भागाला गमतीने 'शिशाचा पट्टा' म्हणतात. त्यांतली गेम्स वर्कशॉप ही कंपनी तर डिसेंबर २०२४ मध्ये लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभरांत जाऊन बसली. अर्थात तिचा पैसा राक्षस आणि अंतराळवीरांचा आहे. आम्ही इतिहासवाले गरीब.

आता मापाचा घोळ. माझे शिपाई २८ मिलिमीटरचे, तळपायापासून डोळ्यापर्यंत मोजलेले. म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण छप्पन्नावा हिस्सा. जमीनही त्याच मापाने मांडायची म्हटली तर बंदुकीचा शंभर मीटरचा पल्ला पावणेदोन मीटर होतो, म्हणजे माझं अख्खं टेबल. तीन किलोमीटरच्या रणांगणाला चौपन्न मीटर लांब हॉल लागेल. म्हणून एक शिपाई वीस जणांचा मानायचा, गाव दोन झोपड्यांचं करायचं आणि जमीन वेगळ्या मापाने आकसून घ्यायची. नव्या माणसाला हे पटवायला इंग्रजी पुस्तकांत पानंच्या पानं खर्ची पडतात. मराठी माणसाला गरज नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर दरवाज्यापेक्षा मावळा उंच आणि बुरुजापेक्षा महाराज मोठे, हे आपण लहानपणापासून बघतो आणि कुणाला काही खटकत नाही.

माझं टेबल असईच्या लढाईचं आहे. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यातलं भोकरदनजवळचं गाव. एका बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. केळणा नदीला उतार नाही असं वाटाडे सांगत होते. पण नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं वेलस्लीला दिसली. त्यातलं एक पिंपळगाव. समोरासमोर गावं असतील तर मधून जायला वाट असणारच, असा त्याने तर्क केला आणि तो खरा ठरला. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात तो शिरला.

सुरुवातीला मी मराठ्यांच्या बाजूला मावळेच मांडणार होतो, ढाल-तलवारवाले. वाचू लागलो आणि ते कपाटात गेले. असईला शिंद्यांचं बळ होतं ते कंपूंमध्ये. युरोपीय कवायत शिकलेल्या, बंदुका-संगिनी घेतलेल्या पलटणी, आणि त्यांच्यावर पोलमन नावाचा हॅनोव्हरचा माणूस. वेलस्ली बगलेवर आलेला दिसताच या पलटणींनी अख्खी रांग काटकोनात फिरवून तोंड त्याच्याकडे केलं. हे त्यांना जमेल असं त्याला वाटलं नव्हतं. मराठी पायदळाला 'अर्धवट शिकलेलं' असा शेरा मारून वळण्याची चाल महाग करणारे नियम मी वापरून पाहिलेत. त्या नियमांनी असईची लढाई होतच नाही. गंमत म्हणजे वेलस्लीच्या छावणीतही मराठे होते, पेशव्यांचे स्वार. लढाई इंग्रजांनी जिंकली, ९८ तोफा घेतल्या, पण रणात उतरलेल्यांतली तिसरा हिस्सा माणसं मारली गेली किंवा जायबंदी झाली.

टेबलावर काय मांडावं यावरून वेलिंग्टनच्या दुसऱ्या लढाईचं मोठं रामायण झालं. विल्यम सिबोर्न नावाच्या अधिकाऱ्याला १८३० मध्ये वॉटर्लूची प्रतिकृती करायचं काम मिळालं. तो रणांगणावर आठ महिने राहिला, जमीन मोजली, वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून कोण कुठे उभं होतं ते विचारलं. १८३८ मध्ये प्रतिकृती लंडनमध्ये लोकांसमोर आली. त्यावर दहा मिलिमीटरचे सत्तर हजारांहून जास्त शिपाई होते. लढाईच्या ऐन मोक्याला ड्यूकच्या मदतीला आलेले प्रशियन किती पुढे पोचले होते, यावर वाद पेटला. विजयाचं श्रेय त्यांच्याकडे जातंय हे ड्यूकच्या माणसांना रुचलं नाही. शेवटी सिबोर्नने बरेच प्रशियन टेबलावरून उचलले. ती प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

मी कुणाला उचललं नव्हतं, मांडलंच नव्हतं. तीन वर्षांत शिपाई घेतले, स्वार घेतले, तोफा घेतल्या. तोफा कपाटातून टेबलावर मी हाताने ठेवायचो आणि त्या आपोआप रणात पोचल्या असं धरून चालायचो. वेलस्लीची हिंदुस्थानातली पत्रं चाळली तर त्यात बैलच बैल. म्हैसूरचे बैल, त्यांची निगा, त्यांचा चारा. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूचा अमृतमहाल हा बैलांचा कारखाना इंग्रजांच्या हाती आला. त्या जातीची शिंगं मागे वळलेली, अंग करडं. धान्य वाहायला बंजाऱ्यांचे तांडे, तेही बैलांवर. आणि असईत वेलस्लीच्या तोफा मागे पडल्या त्या मुख्यतः बैल आणि गोलंदाज मराठ्यांच्या तोफांपुढे टिपले गेल्याने. पायदळाला तोफांवाचून पुढे जावं लागलं. हे वाचून मी बैल मागवले.

करडा रंग सोपा नाही. नुसता काळ्यात पांढरा मिसळला तर बैल सिमेंटचा होतो. त्यात थेंबभर तपकिरी टाकला, सुकल्यावर पातळ काळ्याचा वॉश दिला, तो गळ्याखालच्या पोळीच्या सुरकुत्यांत आणि बरगड्यांत जाऊन बसला. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने वशिंडावर आणि मणक्यावर फिका हात. शिंगांना पोळ्यासारखा हिंगूळ लावायचा मोह फार झाला. आवरला, लष्करातले बैल आहेत.

गेल्या रविवारी पहिल्यांदा उतरवले. नवा नियम एका ओळीचा: बैल मेले की तोफ जिथे आहे तिथेच. मित्राने मराठ्यांकडून फासे टाकले आणि दुसऱ्याच फेरीत माझी एक जोडी गेली, त्यात एकशिंग्या. मेलेला मोहरा टेबलावरच आडवा ठेवायचा असतो. वशिंडामुळे तो नीट आडवा होईना, कुणी टेबलाला हात लावला की डुगडुगायचा. पुढचे दोन तास तोफ त्याच्यामागे तशीच उभी होती.