शेकडा वीस, पण कशाचे?

दोन पंखे विकले, प्रत्येकी ९६० रुपयांना. एकावर शेकडा २० नफा, दुसऱ्यावर शेकडा २० तोटा. ‘म्हणजे फिटंफाट!’ असं सांगून बरेच जण मोकळे होतात. दुकानदाराचे मात्र ८० रुपये गेलेले असतात.

शाळेच्या गणितात वेगळं सांगितलं नसेल, तर शेकडा नफा-तोटा खरेदी किमतीवरच मोजायचा. पहिल्या पंख्याची खरेदी क्ष मानू. क्ष + ०.२क्ष = ९६०, म्हणून क्ष = ८००. दुसऱ्याची य मानू. य − ०.२य = ९६०, म्हणून य = १२००. नफा झाला ८००चे वीस टक्के, म्हणजे १६०. तोटा १२००चे वीस टक्के, म्हणजे २४०. घातले २०००, आले १९२०. तोटा शेकडा ४. विक्री किंमत सारखी दिलेली असते ती याच खोडीसाठी.

बीजगणिताशिवाय अशी उदाहरणं सुटतच नाहीत, हाही एक समज. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) भागीदारीचं एक उदाहरण आहे: तिघांचं भांडवल ५१, ६८ आणि ८५, व्यापारात सगळं मिळून ३०० झालं, तर कोणाला किती? तिथली रीत निव्वळ अंकगणिताची: प्रत्येकाच्या भांडवलाला ३००ने गुणा, एकूण भांडवलाने, म्हणजे २०४ने भागा. उत्तर ७५, १००, १२५. क्ष घेतला तर भांडवलाचं गुणोत्तर ३:४:५, म्हणून १२क्ष = ३०० आणि क्ष = २५. उत्तर तेच, फक्त आकडे लहान राहतात.

खरी गफलत होते ती दोन गुणोत्तरं एकत्र आली की. दोघांच्या उत्पन्नांचं गुणोत्तर ९:७, खर्चांचं ४:३, आणि दोघांचीही शिल्लक २०००. दोन्हीकडे तोच क्ष घेतला, तर ९क्ष − ४क्ष = २००० वरून क्ष ४०० येतो आणि ७क्ष − ३क्ष = २००० वरून ५००! उत्पन्नाचा एक भाग आणि खर्चाचा एक भाग सारखाच असेल, असं कुणी सांगितलंय? खर्चासाठी य घ्या: ९क्ष − ४य = २००० आणि ७क्ष − ३य = २०००. पहिल्याला ३ने, दुसऱ्याला ४ने गुणून वजाबाकी केली की क्ष = २०००, मग य = ४०००. उत्पन्नं १८,००० आणि १४,०००. खर्च १६,००० आणि १२,०००.