यादी करायची नाही, कागद मात्र ठेवायचे

२२ नोव्हेंबर १९६३ च्या दुपारी डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून झाला आणि त्याच संध्याकाळी पोलिसांना सापडलेल्या रायफलचा माग सुरू झाला. रायफल इटालियन, जुन्या लष्करी साठ्यातली. तिच्यावर क्रमांक होता सी २७६६. एफबीआयने न्यूयॉर्कच्या क्रेसेंट फायरआर्म्स या आयातदाराला गाठले. त्याच्या वह्यांतून शिकागोच्या क्लाइन्स स्पोर्टिंग गुड्स या दुकानाचे नाव निघाले आणि दुकानातली माणसे रात्रभर मायक्रोफिल्म धुंडाळत बसली. पहाटे ऑर्डर हाती आली. ‘ए. हिडेल’ या नावाने, डॅलसमधल्या एका टपालपेटीच्या पत्त्यावर मार्च महिन्यात रायफल रवाना झाली होती. दुर्बिणीसकट किंमत १९ डॉलर ९५ सेंट. टपालपेटी होती ली हार्वे ऑस्वाल्डची. ऑर्डरचे कूपन त्याने ‘अमेरिकन रायफलमन’ या मासिकातून कापले होते. हे मासिक नॅशनल रायफल असोसिएशनचे, म्हणजे पुढे बंदुकांच्या नोंदणीला ज्या संघटनेने सर्वांत कडवा विरोध केला तिचेच.

सरकारकडे तेव्हा बंदूकमालकांची यादी नव्हती. दुकानदाराने स्वतःच्या हिशेबासाठी कागद जपून ठेवले होते म्हणून माग लागला. आज साठ वर्षांनंतर अमेरिकेत गुन्ह्यातल्या बंदुकीचा माग काढण्याची पद्धत मुळात हीच आहे. फरक एवढाच की आता ती सक्तीची आहे आणि ती हळू चालावी अशी तजवीज कायद्यानेच करून ठेवली आहे.

अमेरिकेत कसलीच नोंदणी नाही असा आपल्याकडे समज असतो. तो खरा नाही. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनंतर १९३४ मध्ये नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट आला. मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका, सायलेन्सर यांची केंद्रीय नोंद आणि त्यावर २०० डॉलर कर, असा तो कायदा. त्या काळी एवढ्या पैशांत कित्येक बंदुका आल्या असत्या. कराचा हेतू महसूल नव्हताच. या नोंदवहीचा एक मजेदार कज्जा १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. बंदूक बाळगायलाच ज्याला बंदी, त्याने ती नोंदवावी असे सांगणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे, आणि राज्यघटनेची पाचवी दुरुस्ती ते करू देत नाही, असा निकाल न्यायालयाने हेन्स खटल्यात दिला. म्हणजे नोंदणीचे ओझे कायदा पाळणाऱ्यावर आणि सूट गुन्हेगाराला! संसदेने लगोलग कायदा दुरुस्त केला, पण नोंदणीच्या विरोधकांना एक कायमचा दाखला मिळाला.

त्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले आणि ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गन कंट्रोल ॲक्टवर सही केली. टपालाने बंदूक मागवणे संपले. प्रत्येक बंदुकीवर क्रमांक, विक्रेत्याला परवाना, प्रत्येक विक्रीची नोंद, ही चौकट तेव्हाची. सही करतानाच जॉन्सन यांनी जाहीर खंत व्यक्त केली की बंदुकांची नोंदणी आणि मालकांना परवाना या दोन गोष्टी त्यात येऊ शकल्या नाहीत. त्यामुळे नोंदी आल्या, पण त्या राहिल्या दुकानदारांच्या कपाटात.

त्या कपाटापर्यंत संगणक न्यायचा प्रयत्न कार्टर सरकारने १९७८ मध्ये केला. उत्पादकांनी आणि विक्रेत्यांनी विक्रीची माहिती दर तिमाहीला कळवावी, असा साधा प्रस्ताव होता. विरोधाच्या पत्रांचा पाऊस पडला. प्रस्ताव बारगळलाच, वर संसदेने ही कामे पाहणाऱ्या एटीएफ या खात्याच्या अंदाजपत्रकातून ४२ लाख डॉलर कापले. संगणकाला लागतील तेवढेच पैसे काढून घेतले होते. १९८६ च्या फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्टने तर स्पष्टच लिहिले: बंदुका, बंदूकमालक किंवा बंदुकांचे व्यवहार यांची कोणतीही नोंदणीव्यवस्था केंद्र सरकारने नियम करून उभारायची नाही.

याचा प्रत्यक्षात काय अर्थ होतो ते पाहायला वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला जावे लागते. तिथे एटीएफचे नॅशनल ट्रेसिंग सेंटर आहे. एखादा विक्रेता धंदा बंद करतो तेव्हा ३० दिवसांत त्याला आपल्या सगळ्या नोंदी इथे पाठवाव्या लागतात. हस्तलिखित वह्या येतात, खरेदीदारांनी भरलेल्या फॉर्म ४४७३ चे गठ्ठे येतात, पुरात भिजलेले कागदही येतात. इमारतीचा मजला वजनाने खचेल या भीतीने खोकी बाहेर मालवाहू कंटेनरांत रचून ठेवण्याची वेळ आली होती. २०२२ च्या सुमारास एटीएफने दिलेल्या माहितीनुसार इथे ९० कोटींहून अधिक नोंदी जमल्या होत्या. त्यातल्या बहुतेक स्कॅन झाल्या आहेत. पण हे स्कॅन म्हणजे नुसती चित्रे. नाव टाइप करून शोधता येईल असे अक्षरओळख करणारे सॉफ्टवेअर त्यावर चालवायचे नाही. ग्रंथालयात कोट्यवधी पुस्तके असावीत आणि तालिका करायला बंदी असावी, तसा हा प्रकार.

त्यामुळे एखाद्या गावच्या पोलिसाने खुनाच्या जागी सापडलेल्या पिस्तुलाचा क्रमांक कळवला की मार्टिन्सबर्गचा कर्मचारी आधी उत्पादकाला फोन लावतो, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग दुकानदाराला. दुकान बंद झालेले असेल तर त्या दुकानाची पाने पडद्यावर एकेक करून पुढे सरकवत बसतो. वर्षाला असे लाखो अर्ज येतात. अलीकडे हा आकडा सहा लाखांपलीकडे गेला आहे. निकड असेल तर चोवीस तासांत उत्तर देतात, नाहीतर आठवडाभर किंवा अधिक लागतो. एवढे करून हाती काय येते? दुकानातून ती बंदूक पहिल्यांदा विकत घेणाऱ्याचे नाव. त्याने पुढे ती शेजाऱ्याला विकली असेल तर अनेक राज्यांत त्याचा कागदच नसतो.

दुकानात बंदूक घेताना ग्राहकाची पार्श्वभूमी एफबीआयच्या यंत्रणेतून तपासली जाते. १९९८ च्या नोव्हेंबरअखेर ही यंत्रणा सुरू झाली. तिथेही हाच न्याय: विक्रीला हिरवा कंदील मिळाला की चोवीस तासांत ग्राहकाची ओळख पटवणारा तपशील पुसून टाकायचा. कॅन्ससचे खासदार टॉड टियार्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदींनी हे घडवले. त्याच तरतुदींनी माग काढण्याची माहिती सामान्य लोकांसाठी बंद केली.

सरकारी खात्यांचा स्वभाव पाहता एवढा कडक नियम पाळला जातो का, हा प्रश्न कोणालाही पडेल. संसदेच्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१६ मध्ये एटीएफच्या चार माहितीप्रणाली तपासल्या आणि त्यांतल्या दोन नियमात बसत नसल्याचे सांगितले. एका प्रणालीत बंद पडलेल्या विक्रेत्यांच्या नोंदी एकाच सर्व्हरवर जमा होत होत्या. दुसरीत, एकाच वेळी अनेक बंदुका घेणाऱ्यांची जी नावे ठरावीक मुदतीनंतर पुसायची होती ती तशीच पडून होती. यादीची भीती बाळगणारे वेडे नव्हते, हे इथे मान्य केले पाहिजे.

त्या भीतीला जुना इतिहासही आहे. १९५६ मध्ये मॉन्टगोमेरीत घरावर बॉम्ब पडल्यानंतर मार्टिन ल्यूथर किंग यांनी शस्त्र बाळगण्याचा परवाना मागितला होता. तो नाकारला गेला. अर्जदार कोण आहे हे पाहून परवाना द्यायचा की नाही ठरवणारा अधिकारी बसला की त्याच्या टेबलावरची यादी निष्पक्ष राहत नाही. आपल्याला हे वेगळे सांगायला नको. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली.

पण केंद्र सरकारकडे यादी नाही म्हणून बंदूकमालकांची माहिती सुरक्षित राहिली का? मला हाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो, आणि उत्तर ‘नाही’ असे आहे. त्यांचे जे नुकसान झाले ते मार्टिन्सबर्गमधून झालेच नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यूटाउनच्या सँडी हूक शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली. त्यानंतर दहा दिवसांच्या आत न्यूयॉर्क राज्यातल्या ‘द जर्नल न्यूज’ या वृत्तपत्राने वेस्टचेस्टर आणि रॉकलंड या दोन काउंट्यांतल्या पिस्तूल परवानाधारकांची नावे आणि घरचे पत्ते नकाशावर ठिपके मांडून छापले. माहिती सरकारी कार्यालयातून रीतसर मागून घेतलेली, कायद्याने खुली. गदारोळ एवढा झाला की वृत्तपत्राला आपल्या कचेरीवर शस्त्रधारी रक्षक नेमावे लागले. महिन्याभरात नकाशा उतरवला गेला आणि राज्याच्या नव्या कायद्यात परवानाधारकांना नाव गुप्त ठेवण्याची मुभा मिळाली. त्या नकाशाने ना कोणाचा जीव वाचला, ना चर्चेत भर पडली. पत्रकारितेतला तो एक उथळ निर्णय होता, असेच मी म्हणेन.

दुसरा प्रसंग कॅलिफोर्नियाचा. जून २०२२ च्या शेवटी तिथल्या न्याय विभागाने बंदुकांच्या आकडेवारीसाठी एक नवे पोर्टल मोठ्या अभिमानाने सुरू केले. आकडेवारीच्या आड सुमारे १,९२,००० लोकांची मूळ माहिती उघडी राहिली होती: शस्त्र लपवून बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केलेल्यांची नावे, पत्ते, जन्मतारखा. चूक ध्यानात येऊन पोर्टल बंद होईपर्यंत बारा तासही झाले नव्हते. बाहेरच्या वकिलांच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की हे मुद्दाम केलेले नव्हते. पुरेसे प्रशिक्षण नव्हते आणि देखरेखही नव्हती. तोवर ती माहिती ५०७ वेगवेगळ्या इंटरनेट पत्त्यांवरून २,७३४ वेळा उतरवून घेतली गेली होती. अर्जदारांत न्यायाधीशही असतात आणि मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून लपून राहणाऱ्या बायकाही असतात.

तिसरा प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो. नॅशनल शूटिंग स्पोर्ट्स फाउंडेशन ही बंदूक उद्योगाची संघटना. मालकांची खासगी माहिती सरकारच्या हाती जाऊ नये म्हणून ती वर्षानुवर्षे भांडत आली. ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता संस्थेने २०२४ मध्ये दाखवून दिले की त्याच काळात ग्लॉक, स्मिथ अँड वेसन यांसारख्या कंपन्या ग्राहकांनी वॉरंटी कार्डावर भरलेली माहिती या संघटनेला पुरवत होत्या आणि ती निवडणूक प्रचारासाठी वापरली जात होती. २०१६ च्या निवडणुकीत तर ती केंब्रिज ॲनालिटिका या निवडणूक-सल्लागार कंपनीच्या हाती गेली. बंदुकीसोबत आलेले कार्ड भरणाऱ्याला याचा पत्ताही नव्हता. सरकारला जी यादी करायला बंदी, ती बाजाराने केली आणि १९८६ ची बंदी त्याला लागू नव्हती.

अमेरिकेत स्थायिक होणाऱ्या मराठी माणसाचाही या कागदांशी संबंध येतो. ग्रीनकार्डधारकाला बंदूक घेता येते. एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्याला सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद. न्यू जर्सीत तर बंदूक घेण्याआधी पोलिसांकडून ओळखपत्र काढावे लागते, बोटांचे ठसे द्यावे लागतात. फ्लोरिडात याच्या नेमके उलट: तिथे यादी करणाऱ्या सरकारी संस्थेलाच ५० लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. देश एक, पण राज्याची हद्द ओलांडली की बंदूकमालकाच्या माहितीचा दर्जाच बदलतो.

कॅनडाने मधला रस्ता चालून पाहिला. १९९५ च्या कायद्याने लांब बंदुकांचीही नोंदणी आली. निव्वळ खर्च सांगितला होता २० लाख डॉलर. तो १०० कोटींकडे निघाल्याचे २००२ मध्ये महालेखापरीक्षकांनी उघड केले. २०१२ मध्ये हार्पर सरकारने ती नोंदवही मोडीत काढली. क्वेबेकने आपल्या प्रांतापुरती माहिती मागितली, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी नकार दिला आणि नोंदी नष्ट झाल्या.

भारतात प्रश्नच वेगळा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना हवाच, म्हणून यादी असतेच. २०१६ अखेर देशात ३३ लाख ६९ हजारांवर परवाने होते. त्यांतले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात, महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. केंद्रीय गृहखात्याने हे सगळे एका राष्ट्रीय माहितीसाठ्यात आणले आणि प्रत्येक परवानाधारकाला युनिक क्रमांक सक्तीचा केला. पण संगणकात तेच असते जे भरले जाते. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात २ लाख ७८ हजारांहून अधिक परवाने अपात्र लोकांना दिले गेल्याचा सीबीआयचा आरोप आहे. तो घोटाळा राष्ट्रीय माहितीसाठ्यातून नव्हे, राजस्थानच्या दहशतवादविरोधी पथकाच्या तपासातून बाहेर आला.

आपल्याकडे या यादीचा रोजचा वापर दिसतो तो निवडणुकीत. आचारसंहिता लागली की ठाण्यातून शस्त्र जमा करण्याच्या नोटिसा निघतात. सगळ्यांना सरसकट नोटीस काढू नका, ज्याच्याकडून धोका आहे त्याचा वेगळा विचार करा, असे मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका प्रकरणात २००९ मध्येच सांगितले. छाननी समित्या त्यामुळेच बसतात. यादी कशासाठी वापरायची आणि कशासाठी नाही हे ठरवणारा असा एक निकाल अमेरिकेच्या अक्षरओळख-बंदीपेक्षा अधिक उपयोगी आहे, असे माझे मत आहे. शोध मंद केल्याने पोलीस अडतो. माहिती चोरणारा, विकणारा किंवा चुकून उघडी टाकणारा अडत नाही.

त्याला अडवायला यादी कोण उघडतो याची नोंद लागते, वापराचे कारण लिहून द्यावे लागते आणि माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवावे लागते. यातले शेवटचे बंधन २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आले आहे. मात्र त्याच कायद्याचे कलम १७ केंद्र सरकारला राज्याची सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांच्या नावाने आपल्या कोणत्याही यंत्रणेला संपूर्ण कायद्यातून वगळण्याचा अधिकार देते. अशा वगळलेल्या यंत्रणेकडून शस्त्रपरवानाधारकांची माहिती फुटली, तर ते त्यांना कळवण्याचे बंधन तिच्यावर या कायद्याने राहत नाही.