आधी बोटांनी, मग वाद्यावर

कैरोच्या ‘अल् नूर वल अमल’ या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात कंडक्टर रंगमंचावर उभा नसतो. वादकांपुढे स्टँड नाहीत, स्वरलिपीचे कागद नाहीत. व्हायोलिन, चेलो, डबल बास, बासरी, क्लॅरिनेट, तालवाद्यं घेऊन बसलेल्या चाळीसेक जणी, सगळ्या अंध किंवा अगदीच अंधूक दिसणाऱ्या. मदतनीस हात धरून त्यांना खुर्चीपर्यंत आणून सोडतात. त्यानंतरचं सगळं त्यांचं त्या पाहतात.

परदेशी वर्तमानपत्रं या वादकांबद्दल लिहिताना हटकून ‘चमत्कार’ म्हणतात. मला तो शब्द अन्यायाचा वाटतो. चमत्काराला सराव लागत नाही, शिक्षक लागत नाहीत आणि सहा दशकं चालणारी शाळा तर नाहीच नाही. इथे या सगळ्या गोष्टी आहेत, आणि कौतुक करायचं ते त्यांचं.

इजिप्तमध्ये अंध माणसानं संगीताकडे वळणं नवं नाही. खुपऱ्या आणि डोळ्यांच्या साथींनी नाईलच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या दृष्टी गेल्या. गावातला अंध मुलगा कुराण पाठ करायला बसायचा; गळा चांगला असला तर पठण हीच त्याची उपजीविका व्हायची. 1934 मध्ये इजिप्तचं सरकारी रेडिओ केंद्र सुरू झालं ते शेख मुहम्मद रिफअत यांच्या पठणानं. ते लहानपणापासून अंध होते. संगीतकार सय्यद मक्कावी अंध, ऊदवादक आणि संगीतकार अम्मार अल-शिरेई अंध. अंध लेखक ताहा हुसैन तर कुराण पाठ करण्याच्या त्याच वाटेनं निघून पुढे देशाचे शिक्षणमंत्री झाले. ही यादी कितीही वाढवता येईल, पण तिच्यात बाया शोधू गेलं तर हाताला फारसं काही लागत नाही. अंध मुलगी घरात राहायची, आणि घरच्यांना तिची लाज वाटायची.

1954 मध्ये इस्तिकलाल रादी यांनी अंध मुलींसाठी ‘अल् नूर वल अमल’ ही संस्था काढली. नावाचा अर्थ प्रकाश आणि आशा. आधी शिक्षण आणि हातकाम होतं; 1961 मध्ये संगीताचा विभाग सुरू झाला. त्यामागे समहा अल-खोली होत्या. या संगीतशास्त्राच्या मोठ्या अभ्यासक, पुढे कैरोच्या कॉन्झर्व्हेटोरच्या, म्हणजे संगीत विद्यालयाच्या, प्रमुख झाल्या. कॉन्झर्व्हेटोर स्वतःच तेव्हा दोन वर्षांची होती, 1959 ची. विरंगुळ्यापुरती गाणी शिकवून वर्ग चालवता आला असता. तसं न करता या मुलींना डोळस विद्यार्थ्यांसारखंच रीतसर, वाद्य आणि स्वरलिपीसकट शिकवायचं ठरलं. माझ्या मते संस्थेच्या इतिहासातला हाच सगळ्यात मोलाचा निर्णय.

सकाळी नेहमीची शाळा, दुपारनंतर संगीत, असा मुलींचा दिवस. पहिलं काम ब्रेल स्वरलिपी. लुई ब्रेल स्वतः पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असत, त्यामुळे ही लिपी वादकाच्या हातून घडलेली आहे. सहा ठिपक्यांच्या घरातले वरचे चार ठिपके स्वर सांगतात, खालचे दोन त्याची लांबी. अरबी ब्रेलमध्ये जी खूण ‘दाल’ या अक्षराची, तीच संगीतात ‘डो’ स्वराची. त्या खुणेच्या तळाशी उजवीकडे एक ठिपका आला की स्वर दुप्पट लांबतो. तोच डावीकडे आला तर चौपट. दोन्हीकडे आले तर आठपट. सप्तक कोणतं, हे सांगायला स्वराआधी वेगळी खूण. पाच रेघा नाहीत, वरखाली जाणारे गोळे नाहीत, सगळं एका ओळीत. चाल चढते की उतरते हे एका नजरेत कळायची सोय नाही. खुणेमागून खूण चाचपत मनात चढण बांधावी लागते.

आणि इथे खरी अडचण येते. पियानो वाजवणारीला एका हातानं वाचत दुसऱ्या हातानं वाजवता येतं. व्हायोलिनवालीचा डावा हात तारांवर, उजव्यात गज. वाचायला हातच उरत नाही. मग दोन-चार मात्रा वाचायच्या, वाद्य उचलायचं, वाजवायच्या, पुन्हा कागदावर बोटं. पूर्ण रचना अशी तुकड्यातुकड्यानं पाठ होते. डोळस वादक जी रचना पहिल्याच तालमीत बघून वाजवू लागतो, तिच्यासाठी या मुलींचे आठवडे जातात.

पाठांतराचं आपल्याला नवल वाटणार नाही. आपल्या मैफलीत समोर वही ठेवून गाणारा गवई कमीच मानला जातो. पण आपला गायक चुकला तर सावरून घेतो, तबलजी त्याला धरून येतो. सिंफनीत ती मोकळीक नाही. क्लॅरिनेटवालीला तीस मात्रा गप्प राहून एकतिसाव्या मात्रेवर नेमकं शिरायचं असतं. तिला स्वतःचे स्वर पाठ हवेतच, स्वतःची शांतताही मोजून पाठ हवी, आणि भोवतीच्या सगळ्यांचं वाजणं कानात हवं. म्हणून कंडक्टरचं काम तालमीतच संपतं. तो छडी आपटून लय देतो, एकेकीला थांबवून बारकावे सांगतो. सुदानमध्ये जन्मलेले संगीतकार अली उस्मान यांनी हे काम 2017 मध्ये निधन होईपर्यंत केलं.

वादन फक्त युरोपीय नसतं. अरबी रचनाही असतात, आणि रास्त किंवा बयातीसारख्या मकामांत, म्हणजे अरबी रागांत, अर्ध्या स्वराच्याही मधली जागा लागते. व्हायोलिनला पडदे नसल्यानं तिथे बोट सरकवून ती जागा सापडते. क्लॅरिनेटसारख्या फुंकवाद्यावर ती ओठांनी आणि श्वासानं काढावी लागते.

1988 मध्ये वाद्यवृंद प्रथमच परदेशी गेला, तोही थेट व्हिएन्नाला. तिथल्या श्रोत्यांना मोझार्ट ऐकवायचा म्हणजे छाती हवी. त्यानंतर युरोप, आशिया, अमेरिका, ऑस्ट्रेलिया असे दौरे होत राहिले. अनेकींनी विद्यापीठाच्या पदव्या घेतल्या. काहीजणी लग्नानंतर, मुलं झाल्यावरही वाजवत राहिल्या. घराण्याची अब्रू जाईल म्हणून जिला पाहुण्यांपुढे येऊ दिलं जात नसे, तिच्या पासपोर्टवर आता डझनभर देशांचे शिक्के असतात.

अशा कामाला पैसा लागतो. ब्रेल कागद जाड, एका रचनेचा गठ्ठा मोठा, प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा उतरवायचा. शिक्षक दुर्मीळ, कारण त्यांना वाद्यही यायला हवं आणि मुलीचा हात धरून गजाचा कोन दाखवायचा धीरही हवा. म्हणूनच ज्या मुली इथे शिकून तयार झाल्या, त्याच पुढे धाकट्यांना शिकवायला बसतात. गज कसा धरायचा हे मनगटाला मनगट लावून सांगणारी शिक्षिका ते स्वतः तसंच शिकलेली असते, आणि धाकट्यांचा वाद्यवृंद थोरल्यांच्या जागा घ्यायला तयार होत असतो.