दाब ओळखणारे कापड : अर्धशतकाचा मागोवा

कापडावर पडणारा दाब विद्युत संकेतात रूपांतरित करणाऱ्या वस्त्र-संवेदकांचा सुमारे पन्नास वर्षांचा प्रवास पाहिला, तर असे दिसते की या क्षेत्राचा पाया रसायनशास्त्राने आणि इलेक्ट्रॉनिक्सने घातला असला, तरी संवेदक टिकेल की नाही हे बहुतांशी विणीवर अवलंबून राहिले. सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत चादरी आणि टेरी टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांना हा इतिहास म्हणूनच जवळचा आहे.

या संशोधनामागची एक मोठी गरज वैद्यकीय होती. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर उपचार करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की बधिर पायाला पडणाऱ्या जखमांचे एक प्रमुख कारण म्हणजे एकाच जागी पुन्हा पुन्हा येणारा आणि वेदनेअभावी न जाणवणारा दाब होय. पुढे अमेरिकेतील कारव्हिल येथे काम करताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाब दर्शवणाऱ्या साधनांविषयीचा लेख १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे वापरल्या गेलेल्या पायमोज्यांत रंगाच्या सूक्ष्म कुप्या असत आणि दाब अधिक पडेल तेथे त्या फुटून डाग उमटत असे. मात्र फुटलेली कुपी पुन्हा वापरता येत नसल्याने क्षणोक्षणी बदलणारा दाब त्यातून कळत नसे.

ही मर्यादा ओलांडण्याचा एक मार्ग १९७७ मध्ये खुला झाला. हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी त्या वर्षी वीज वाहून नेणारे बहुवारिक, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचे द्रव्य, सिद्ध केले आणि त्यासाठी त्यांना २००० चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा द्रव्याचा किंवा कार्बनचा लेप दिलेले कापड दाबले की तंतू परस्परांना अधिक ठिकाणी टेकतात आणि विद्युतरोध घटतो. याला रोधाधारित संवेदक म्हणतात. दुसऱ्या, धारिताधारित प्रकारात दोन वाहक थरांमध्ये लवचीक, वीजरोधक थर असतो आणि दाबाने अंतर कमी झाले की विद्युतभार साठवण्याची क्षमता, म्हणजे धारिता, वाढते.

नव्वदच्या दशकात जॉर्जिया टेकमध्ये सुंदरेसन जयरामन यांच्या चमूने संवेदक जोडता येतील असा सदरा विणला, तर एमआयटीत वाहक धाग्याच्या भरतकामातून कळफलक साकारले. उभ्या आणि आडव्या वाहक पट्ट्यांची जाळी केली, की प्रत्येक छेदबिंदू स्वतंत्रपणे वाचता येतो. सोळा उभ्या आणि सोळा आडव्या पट्ट्यांतून केवळ ३२ जोडण्यांवर २५६ बिंदू मिळतात. याच तत्त्वावर २०१९ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ५४८ संवेदकांचा हातमोजा तयार केला.

तरीही प्रयोगशाळेतून बाजारापर्यंतची वाट खडतर राहिली. दाब काढल्यावर कापड लगेच पूर्ववत होत नाही, त्यामुळे तोच भार चढताना आणि उतरताना वेगवेगळा वाचला जातो. घाम आणि धुलाई यांमुळे वाहक धाग्यावरील चांदीचा मुलामा झिजतो. आणि मऊ धागा कठीण तारेला जिथे जोडला जातो, तिथे तो तुटतो. गूगल आणि लिव्हाइस यांचे २०१७ मधील जाकीट स्पर्श ओळखत असे, परंतु त्याची सेवा २०२३ मध्ये थांबली.

या अडचणींचा मोठा भाग विणकरांच्या परिचयाचा आहे. टेरी टॉवेलसाठी दोन ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे संच, लागतात, एक घट्ट आणि एक सैल. मागाची फणी आधीचे बाणे, म्हणजे आडवे धागे, थोडे मागे ठेवते आणि तिसऱ्या बाण्याबरोबर सर्व एकत्र पुढे ठोकते, तेव्हा सैल ताण्याचे फास वर येतात. फास किती उंच आणि दाट असावेत, ते दाबाखाली किती वाकतील आणि धुतल्यावर कितपत उभारतील, हे प्रश्न टॉवेलच्या गुणवत्तेचे आहेत आणि संवेदकाच्या अचूकतेचेही. जॅकार्ड मागावर ताण्याचा प्रत्येक धागा स्वतंत्रपणे उचलता येत असल्याने दोन वाहक थर आणि मधला वीजरोधक थर एकाच विणीत आणणे तत्त्वतः शक्य आहे.

केंद्र सरकारने २०२० मध्ये १,४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियान मंजूर केले आणि इचलकरंजीच्या डीकेटीईसारखी वस्त्राभियांत्रिकी संस्था महाराष्ट्रात आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कोणत्या बाजूवर वळवावे हे सांगणारी चादर किंवा मधुमेही पायाला वेळेवर सावध करणारा मोजा घडवायचा असेल, तर संशोधकाने नमुना तयार झाल्यावर विणकराकडे जाण्याऐवजी धागा निवडतानाच त्याला बरोबर घेतले पाहिजे आणि त्याच्या ज्ञानाचा मोबदलाही त्याला मिळाला पाहिजे.